भीडखाते

मुलाचा बंगळुरूहून फोन आला. "आई, चार बँकांत चार खाती कशाला ठेवलीयेस? एक ठेव, बाकीची बंद कर." म्हणणं रास्त होतं. साठी उलटल्यापासून मी पसारा कमी करायला घेतलाच आहे. तीन पातेली, शिलाई मशीन आणि दोन नातेवाईक कमी झाले होते. खाती राहिली होती.

त्याने संध्याकाळी एक तक्ताही पाठवला. व्याज, किमान शिल्लक, कार्डाची वार्षिक फी, अ‍ॅप कसं आहे, असे रकाने. मी वहीचं पान उघडून माझे रकाने आखले. पायऱ्या किती, बसायला बाक आहे का, पासबुक भरून देतात का, आणि काउंटरवरचा माणूस मान वर करून बोलतो का.

व्याजाचा रकाना मी पहिल्याच दिवशी खोडला. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात, पोस्ट ४ टक्के देतं. माझे सरासरी ४०,००० पडून असतात. फरक वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५०. पोस्टात रिक्षाने जाऊन यायला तेवढे तर लागतातच. शिवाय २०११ पर्यंत बचत खात्याचं व्याज रिझर्व्ह बँकच ठरवायची. या बँकेत काय आणि त्या बँकेत काय, दर सारखाच. त्यामुळे व्याज बघून खातं निवडायची सवय आमच्या पिढीच्या हाताला नाहीच.

मग आम्ही खाती निवडली तरी कशी? चारही पासबुकं टेबलावर मांडली आणि विचार करू लागले. लक्षात आलं की यातलं एकही खातं मी निवडलेलं नाही. चारही भिडेखातर उघडलेली आहेत.

पहिलं १९७९ चं. मी कॉलेजात गेले आणि बाबा मला पेठेतल्या शाखेत घेऊन गेले. पुण्याच्या माणसाला बँकेचा अभिमान असतो. कॉसमॉस १९०६ ची, महाराष्ट्र बँक १९३५ ची, हे बाबा आमच्या घरातल्याच मुंजीची सालं सांगावीत तसे सांगायचे. पण त्यांनी बँक निवडली ती या इतिहासावरून नव्हे. तेव्हा खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. त्याने फॉर्मवर सही करून सांगायचं की या व्यक्तीला मी ओळखतो. आमच्या ओळखीत औषधांचे एक दुकानदार होते आणि त्यांचं खातं त्या शाखेत होतं, म्हणून माझंही तिथे. त्या एका सहीच्या उपकारापोटी आम्ही पुढची दहा वर्षं खोकल्याचं औषध त्यांच्याकडूनच आणलं. त्याने खोकला कधी थांबला नाही.

त्या खात्याबरोबर बाबांनी मला दहा तारखेचं शास्त्र शिकवलं. महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणून पैसे भरायचे ते दहाच्या आत आणि काढायचे तेही दहाच्या आत. चौदा तारखेला पाहुणे आले की बाबा शेजाऱ्यांकडून उसने आणत, पण खात्याला हात लावत नसत. आई म्हणायची, "व्याज मिळणार चार आणे आणि माझी मान खाली जाणार चार घरांत." १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजायला लागले. बाबा तेव्हा ब्याऐंशीचे होते. बातमी वाचून त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "मग आता तारखेला काय अर्थ राहिला?"

दुसरं खातं पगाराचं. आमच्या मालकांना एका बँकेने कर्ज दिलं होतं, म्हणून आम्हा साठ जणांचे पगार तिकडे. भीड मालकांची, खाती आमची. निवृत्त झाल्यावर पगार थांबला आणि पगारखात्याचं गुपचूप साधं बचत खातं झालं. मग किमान शिल्लक ठेवा असा मेसेज यायला लागला. नोकरीत असताना अहो-जाहो करणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर अरे-तुरे करावं, तसं वाटलं.

तिसरं घराच्या कर्जाचं. हप्ता आमच्याकडच्याच खात्यातून गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. घर त्यांच्याकडे गहाण असताना वाद कोण घालणार? कर्ज २०१६ साली फिटलं. खातं अजून आहे.

चौथं भाच्याचं. म्हणजे माझंच, पण भाच्यासाठी. त्याला खासगी बँकेत नोकरी लागली आणि महिन्याला अमुक खाती आणायचं टार्गेट मिळालं. मार्च महिना होता. तो हिरमुसला चेहरा घेऊन आला, मी थालीपीठ वाढलं आणि १०,००० चा चेक दिला. दीड वर्षात भाच्याने नोकरी बदलली. मी पासबुक कपाटात ठेवलं. खात्यातून मधल्या काळात कसले कसले पैसे कापत कापत शिल्लक शून्यावर आली आणि तिथे थांबली. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून खातं शून्याखाली न्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या नियमाचे मी मनापासून आभार मानते. नाहीतर थालीपीठही मलाच महागात पडलं असतं.

भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची ते उगाच नाही.

यजमानांचं मत वेगळं. ते म्हणाले, "चार बँका असलेल्या बऱ्या. एका बँकेतल्या तुझ्या सगळ्या ठेवी मिळून विमा ५ लाखांपर्यंतच." हे खरं आहे. २०२० पर्यंत तो १ लाखच होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. माझ्या मावशीला हे दोन्हीतलं अंतर उशिरा कळलं. पण आमचं चारही खात्यांतलं मिळून ५ लाखांच्या कितीतरी अलीकडे थांबतं, त्यामुळे हा मुद्दा त्यांनी केवळ वादासाठी मांडला, असं मी धरून चालले.

शेवटी ठरलं, १९७९ चं ठेवायचं. तळमजला, एकच पायरी, दाराशी बाक. मी पासबुक भरायला गेले. आता तिथे त्यासाठी यंत्र आहे. पासबुक आत सरकवलं की ते गिळतं, घशात थोडं घोळवतं आणि मागच्या ओळीवरच पुढची ओळ छापून बाहेर टाकतं. मी काउंटरवर गेले. म्हटलं, वारसाचं नाव एकदा तपासून द्या. काउंटरवरच्या मुलाने पडद्यावर बघितलं. वारस म्हणून आईचं नाव होतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

"काकू, आता एका खात्याला चार वारस लावता येतात," तो म्हणाला. "हा फॉर्म भरा आणि इथे सही करा."

मी सही केली. त्याने ती बघितली, पडदा बघितला, पुन्हा सही बघितली.

"जुळत नाही."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. लग्नानंतर खात्यावरचं नाव मी बदलून घेतलं होतं, सही बदलायची राहिली होती. पडद्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीची सही होती. माहेरचं पूर्ण नाव, देवनागरीत, बाबांच्या सांगण्यावरून. शेवटच्या अक्षराची वेलांटी तिने मागे ओढत पार पहिल्या अक्षरापर्यंत नेली होती, सगळ्या नावावर छत्री धरल्यासारखी. खाली दोन ठिपके. ठिपके कशासाठी होते, ते काही केल्या आठवेना.

"अशी करून दाखवा, मग नवीन सहीचा अर्ज घेतो."

मी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे, दोरीला बांधलेल्या पेनाने, सराव सुरू केला. पहिली छत्री अर्ध्यात मिटली. दुसरीला हात थरथरला. रांगेतले एक आजोबा वाकून बघत म्हणाले, "वेलांटी एका दमात घ्या." चौथ्या स्लिपवर छत्री उघडली. मुलाने ती पडद्याशी जुळवून बघितली आणि म्हणाला, "ठिपके राहिले."

ठिपके दिले.

ते काम झाल्यावर उरलेली तीन बंद करायची होती. कर्जाच्या खात्याचा फॉर्म आणला. त्यात खातं बंद करण्याचं कारण असा रकाना होता. 'गरज नाही' असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. ज्यांनी घर बांधायला पैसे दिले, त्यांना तोंडावर असं कसं सांगायचं? फॉर्म फ्रिजवर ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली. नवीनच नोकरी, एका छोट्या बँकेत. हातात टॅब होता. मी पोळ्या करत होते. "काकू, आठच मिनिटं लागतील," म्हणाली. आधारचा नंबर घेतला, माझ्याच मोबाइलवर आलेला ओटीपी मलाच विचारला. आता कुणाची ओळख लागत नाही. टॅबसमोर डोळ्यांची उघडझाप केली की माणूस जिवंत आहे हे बँकेला कळतं. माझ्या गालाला पीठ लागलेलं होतं, ते फोटोत आलं आहे. मार्चअखेर होती, तिच्या आईने आमच्याकडे दोनदा पुरणपोळ्या पाठवल्या आहेत, आणि व्याजही म्हणे बरं देतात.

पासबुक हवं असेल तर शाखेत येऊन मागावं लागेल, असं ती जाताना म्हणाली. शाखा दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही.