गणपती आमच्या घरात धावतात

माझे मामा पेणला गणपती करतात. बाहेरच्या माणसाला हे वाक्य जरा उद्धट वाटतं, पण पेणला त्याचा अर्थ एवढाच, की मामांचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नये. वर पत्रा, आत शाडूचा ओला वास आणि हात टेकायला जागा उरणार नाही इतक्या मूर्ती. पेणपासून हमरापूर-जोह्यापर्यंत याला कारखानाच म्हणतात.

वैशाखात मामांचा फोन आला. "मास्तर, उद्याच्या गाडीनं ये. पोरानं कारखान्याचं वाट्टोळं केलंय."

मी रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय आणि विम्याच्या कागदावर सही कुठे करायची, ही दोन कामं आजोळी माझ्यासाठी राखून ठेवलेली असतात. हे तिसरं निघालं.

पेणच्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी बोटीनं परदेशी निघतात. तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी मामांच्या नातवानं मुंबईहून एक झकास इंग्रजी पत्रक लिहून आणलं होतं. मामा म्हणाले, माझ्या नावावर काय छापताय ते आधी मराठीत ऐकव, मग पैसे. नातवानं पत्रक मोबाइलमध्ये घातलं आणि अर्ध्या मिनिटात मराठी बाहेर आलं.

मी पोचलो तेव्हा मामा डोळे आखत होते. ते काम ते अजून कुणाला देत नाहीत. ब्रशला चारच केस असावेत असं वाटतं. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकायची, श्वास रोखायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की देव पेंगुळलेला दिसतो. तेवढा वेळ कारखान्यात कुणी खोकतसुद्धा नाही. रेघ झाली, श्वास सुटला आणि मामा नातवाला म्हणाले, "हं, वाच."

"आमचा कारखाना तीन पिढ्यांपासून धावत आहे."

"कुठं?"

"गणपती आमच्या कुटुंबात धावतात."

मामांनी ब्रश पाण्यात ठेवला. "अरे, त्याची मांडी जमायला मला आयुष्यातली दहा वर्षं लागली. धावणारा देव तुमच्या रोह्याचा. आमचा बसलेला."

हा टोला मला होता. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या उत्सवात त्याच्या पालखीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात. पण तिथंही देव पालखीत बसूनच निघतो, धावपळ करायची ती गावानं. हे मी मामांना सांगितलं नाही. आजोळी टोले परत करायचे नसतात.

"आमचे रंग धावत नाहीत," नातू पुढे वाचत होता.

"हे तेवढं बरं झालं."

"मूर्तीवर हलकेच कोरडा कपडा धावा. आम्ही बाहेर धावण्यापूर्वी आपली मागणी नोंदवा."

कोपऱ्यात साचा उघडत बसलेला कारागीर इतका हसला, की साच्यातल्या गणपतीचा कान साच्यातच राहिला.

खरा गुन्हेगार मोबाइल नव्हता. मूळ पत्रकातच ते पाचही ठिकाणी 'रन' होतं. मी मास्तरी सूर लावून मामांना सांगितलं, की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला ते लावायला सुमारे नऊ महिने लागले.

"नऊ महिन्यांत आपल्याकडं एक होतं," मामा म्हणाले. "फार तर जुळं."

मग मी कागद घेऊन बसलो. आता माझी पदवी पणाला लागली होती. थॉमस कँडीसाहेबांनी १८४७ सालीच इंग्रजी-मराठी कोश काढून ठेवला, त्यानंतर एवढी वर्षं गेली, पाच वाक्यं मला का जमू नयेत? रंगांच्या वाक्याला मी लिहिलं : 'आमचे रंग आर्द्रतेमुळे प्रवाही होत नाहीत.' मोठ्यानं वाचलं. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

"रंग सुटत नाही," साच्यातला कान उकरत कारागीर म्हणाला.

कपड्याच्या वाक्यावर मी 'कोरड्या वस्त्राने मूर्तीचे मार्जन करावे' इथवर आलो होतो. मामी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "फडकं फिरवा म्हण की." कारखाना 'चालवतो' हे मलाही आलं असतं. ते माझ्याच वाट्याचं, म्हणून इथं नोंदवून ठेवतो. कुटुंबात धावणाऱ्या गणपतीपाशी मात्र मी 'वंशपरंपरागत कौशल्य' लिहून थांबलो. मामांनी ते खोडायला लावलं आणि सांगितलं, "आमच्या घरात हे चालत आलंय, असं लिही." चालत आलंय. इंग्रजाच्या घरातली गोष्ट तीन पिढ्या पळत येते, आपली चालत येते, आणि पोचायला उशीर झालाय असं काही दिसत नाही.

नातवानं मध्येच विचारलं, "बँकेवरचा रन म्हणजे?" मला आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख आठवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मेघदूताचे मराठी अनुवादक, दोन्ही एकच माणूस. या शब्दाची जबाबदारी दोन्ही बाजूंनी त्यांच्यावरच टाकावी, असा माझा विचार होता. पण मामा आधी बोलले, "बँक बुडतेय अशी बोंब उठली, की पासबुक घेऊन जे करतात ते. मी केलंय. तिथं धावणंच बरोबर आहे." त्यावर हसायचं की नाही ते कुणाला कळेना, म्हणून सगळ्यांनी चहा प्यायला.

संध्याकाळी पेण स्टेशनवर आलो. फलाटाला गाडी लागली. खिडकीशी जागा मिळाली, पण समोरच्या पोराला गाडी लागली, म्हणून ती त्याला द्यावी लागली. त्याच्या आईनं माहेरची चौकशी केली आणि निघालं असं, की ती माझ्या मामींची भाची लागते. कासूच्या पुढे वारा लागला. नागोठणं लागलं तेव्हा मी जागा होतो, त्यानंतर डोळा लागला. झोपेत मनात येत होतं, की एखादा गिलिव्हर नऊ महिन्यांसाठी या गाडीत आणून बसवावा. त्याला काय काय लागेल ते बघू. माझा डोळा रोहा लागल्यावरच उघडला, तोही गाडी तिथं संपते म्हणून.

पत्रक आता छापून आलंय. शेवटचं वाक्य मामांनी स्वतः सांगितलं आणि मी काना-मात्रासुद्धा बदलली नाही : 'पाट आषाढातच आणून द्यावा. नंतर मूर्ती उरत नाहीत, मग भांडू नये.'