विध्यर्थातलं म्हातारपण

उमरग्याकडून आळंदला येताना महाराष्ट्र कुठे संपला हे खड्ड्यांवरून कळत नाही, पाट्यांवरून कळतं. अक्षरं वळणदार झाली की खजुरी जवळ आलं समजावं. इथल्या पारावर एक निवृत्त मराठी गुरुजी बसतात असं धरून चालू. सीमेवरच्या कुठल्याही गावात असे एक गुरुजी सापडतातच. १ नोव्हेंबर १९५६ला आळंद तालुका हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, गुरुजींच्या घराण्यातलं व्याकरण मात्र जागचं हललं नाही. सरकारी कागद हाती आला की गुरुजी मजकुराआधी क्रियापद बघतात. 'करा' असेल तर आज्ञार्थ. 'करावे' असेल तर विध्यर्थ. 'करू शकेल' असेल तर चष्मा काढून खिशात.

ज्येष्ठांच्या वसाहती हा हल्ली मोठा धंदा आहे, आणि त्या धंद्यानं कसं वागावं याचे कागदही भरपूर निघतात. ऑस्ट्रेलियात २०१७मध्ये टीव्हीवाल्यांनी आणि वर्तमानपत्रांनी मिळून एक प्रकरण बाहेर काढलं. तिथल्या वसाहतींत घर सोडताना, किंवा जगच सोडल्यावर, 'निर्गमन शुल्क' म्हणून घराच्या किमतीतला घसघशीत वाटा कापला जात होता. बोंब झाली. मग धंद्यातल्याच संघटनांनी बसून स्वतःसाठी आचारसंहिता लिहिली आणि १ जानेवारी २०२०पासून ती लागू केली. ज्याची इच्छा असेल त्यानं पाळायची. जावयानं स्वतःच्या मानपानाची यादी स्वतःच करावी, आणि खाली 'सासरच्यांचं हित लक्षात घेऊन' असं लिहावं, तसा हा मामला.

आपल्याकडे हा मान सरकारनं घेतला. मार्च २०१९मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं निवृत्तांच्या घरांसाठी 'आदर्श मार्गदर्शक तत्त्वं' काढली. त्यात बांधणारा, सेवा देणारा आणि राहणारा अशा तिघांनी करायचा करार आहे, म्हणजे गिलावा पडला तर बिल्डरनं सेवावाल्याकडे आणि सेवावाल्यानं बिल्डरकडे बोट दाखवू नये अशी अपेक्षा. कागद चांगला आहे, कुणी नाही म्हणणार नाही. पण तो राज्यांना दिलेला सल्ला. गुरुजींना 'आदर्श' शब्दाचा अनुभव दांडगा: शाळेत आदर्श वाक्यं भिंतीवर असायची, छडी टेबलावर.

छडी उचलली ती महाराष्ट्रानं. राज्याच्या बांधकाम नियामकानं, म्हणजे महारेरानं, मे २०२४मध्ये आदेश काढला की यापुढे ज्येष्ठांसाठी म्हणून प्रकल्प बांधायचा असेल तर अमुक गोष्टी हव्यातच, आणि त्या विक्री करारात लिहायच्या. पुण्याच्या 'अथश्री'सारख्या वसाहती त्याआधीच उभ्या होत्या. पण कंपाउंडाला बाकडं टाकून 'ज्येष्ठांसाठी खास' अशी जाहिरात करणाऱ्यांची आता थोडी पंचाईत झाली. एका मजल्याहून उंच इमारत असली की लिफ्ट. पायऱ्यांऐवजी उतार. न घसरणारी फरशी, संडासात धरायला दांडा, स्वयंपाकघरात गॅसगळती सांगणारं यंत्र. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर.

पारावर हे मोजमाप वाचलं जातं तेव्हा हिशेब हातांत होतो. नऊशे मिलिमीटर म्हणजे दोन हात. चाकाची खुर्ची जावी म्हणून. खजुरीच्या जुन्या घरांत दाराची रुंदी राहू द्या, उंचीच एवढी की माणूस गणपतीपुढे वाकल्यासारखा घरात शिरतो. उंबऱ्याला ठेच लागली नाही तर म्हातारा थबकून बघतो, चुकून शेजाऱ्याच्या घरात तर आलो नाही ना. महारेराचा माणूस इथे आला तर पहिल्याच चौकटीला कपाळ आपटून परत जाईल. अर्थात येणार नाही. त्याची हद्द अलीकडेच संपते, आणि आदेश फ्लॅट विकत घेणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आहे.

विकत न घेणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे: आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा, २००७चा. त्याच्या कलम १९मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान १५० निराधार म्हाताऱ्यांची सोय असं लिहिलंय. आकडा स्पष्ट, जिल्हा स्पष्ट. क्रियापद? 'राज्य शासन स्थापन करू शकेल.' चष्मा खिशात.

याच कायद्यात मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा मात्र चोख आहे, महिना १०,००० रुपये. ती काढून टाकण्याचं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं. समितीकडे गेलं, आणि २०२४मध्ये लोकसभाच विसर्जित झाल्यावर निजधामास गेलं. ज्येष्ठांच्या विधेयकालाही वयोमान चुकलं नाही.

मदत म्हणाल तर तीही आहे. पासष्टी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्याला महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० मिळतात, कर्नाटकात संध्या सुरक्षातून १,२००. सीमेच्या दोन्ही बाजूंची तूर एकाच भावात जाते, दोन्हीकडच्या गुडघ्यांत कळ एकाच हवेत येते, तरी सीमेच्या अलीकडचं म्हातारपण तीनशे रुपयांनी महाग. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागला की हा फरक मागच्या फरकासकट मिळेल का, असं पारावरच्या एका अज्जांनी विचारलं, तर त्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. त्यांनी नुसता गुणाकार केलाय.

पाराची स्वतःचीही एक ऐच्छिक आचारसंहिता आहे, कुणी न लिहिलेली. अनामत रक्कम नाही. देखभाल शुल्क तंबाखूची चिमूट, एकदा दिली की परत नाही. सकाळी उगवतीची बाजू थंडी वाजणाऱ्यांची, दुपारनंतर बुंध्याला टेकायचा हक्क वयानं सगळ्यात मोठ्याचा, आणि वयाचा वाद झाला तर हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कोण चालत होतं आणि कोण कडेवर होतं यावर निकाल. दोन दिवस कुणी दिसलं नाही तर पोरगं धाडून चौकशी करायची. ही संहिता अद्ययावत करून 'पारावर मोबाइल मोठ्यानं लावू नये' असं कलम घालायची गुरुजींची फार इच्छा आहे. ठराव दरवेळी बारगळतो, कारण मांडेपर्यंत कुणाच्या तरी खिशातून भजन सुरू होतं, आणि भजन बंद करा कोण म्हणणार.

वर्षातून एकदा मात्र पारावर विध्यर्थ चालत नाही. पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या तात्यांना भविष्य निर्वाह निधीचं किमान पेन्शन आहे, महिना १,०००. सप्टेंबर २०१४मध्ये लागू झालं तेच अजून. दाखला वर्षाला एक, चुकला की पेन्शन बंद. तात्यांच्या अंगठ्याच्या रेषा कारखान्यातल्या लोखंडानं कधीच पुसल्यात. तात्यांनी अंगठा धोतराला पुसला, मग डोक्याच्या तेलात घासला, यंत्र नाहीच म्हणालं. आता सोय झालीय, मोबाइलमध्ये चेहरा दाखवायचा. नातू फोन धरून समोर उकिडवा बसतो.

"अज्जा, टोपी काढा. इकडं बघा. आता डोळे मिटा."

"आणि?"

"उघडा की! मिटूनच बसलात तर ते मेलं म्हणंल."

गुरुजी शेजारून कौतुकानं ऐकत असतात. काढा, बघा, मिटा, उघडा. चारही आज्ञार्थ. पडद्यावर गोल फिरतो, फिरत राहतो. महाराष्ट्राच्या टॉवरची रेंज जाते, कर्नाटकची यायची असते.

"परत मिटा, अज्जा."