संकोची अर्जदाराची भरमार

आदिवासी कोणास म्हणावे, याविषयी शासनाच्या दप्तरात 1965 सालापासून जे पाच निकष मुक्कामास आहेत, त्यांपैकी आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा आणि मागासलेपणा हे चार निकष आम्ही, सरकारी कागदाविषयी सज्जन नागरिकाने बाळगावा तितका आदर बाळगून, निमूटपणे मान्य केले असते. परंतु उरलेला निकष वाचल्यापासून आमचे चित्त थाऱ्यावर नाही. तो निकष असा की, बाहेरच्या समाजाशी संपर्क करताना त्या जमातीस संकोच वाटला पाहिजे. अलगपणा नकाशावर मोजता येतो, मागासलेपणा तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोजमापावाचूनही दिसतो. पण संकोच कोणत्या मापाने मोजावा, मोहफुलांप्रमाणे तो ओला असताना मोजावा की वाळल्यावर, आणि मोजणाऱ्याने मोजताना किती हातांवर उभे राहावे, याचे परिपत्रक अद्याप आमच्या पाहण्यात आलेले नाही.

परिपत्रक नसले म्हणून काम अडते असे नाही. धानोरा तालुक्यातला एखादा गोंड तरुण अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेण्यास निघाला, की त्याच्या पिशवीत 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा असावा लागतो. म्हणजे आजोबांच्या जन्माची कोतवालबुकातील नोंद, पणजोबांच्या जमिनीची मिसल आणि शाळेत गेलेला पूर्वज सापडल्यास त्याचा दाखल-खारीज उतारा. तेवढ्याने साहेबांचे समाधान न झाल्यास दक्षता पथक घरी येते व आप्तभाव तपासते. “काय रे, तुमचे देव किती?” असे विचारले जाते. तरुण “सहा, साहेब,” असे सांगतो. लग्नात काय करता, मयताचे काय करता, गावात गोटुल आहे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि तरुण त्यांची उत्तरे साहेबांच्या डोळ्यांस डोळा भिडवून, स्वच्छ मराठीत देतो. येथेच त्याचा घात होतो! कारण जो इतके स्पष्ट बोलला त्याचा संकोच गेला, आणि ज्याचा संकोच गेला त्याची जमात कोठे राहिली? “अर्जदाराने निःसंकोचपणे माहिती दिली, सबब आप्तभाव सिद्ध होत नाही,” असा शेरा पडण्यास मग कोणती हरकत आहे? बरे, त्याने मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली असती, तर “अर्जदारास आपल्या रूढींविषयी समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत” हा शेरा तयारच होता. राहता राहिला तिसरा मार्ग, तो म्हणजे पथकाची जीप दिसताच जंगलात पळून जाण्याचा. संकोचाचा इतका निर्भेळ, इतका शास्त्रशुद्ध आविष्कार दुसरा कोणता असेल? परंतु त्या प्रसंगी पंचनाम्यात “अर्जदार गैरहजर” एवढेच नमूद होते व प्रकरण निकाली निघते. तात्पर्य, अर्जदाराने साहेबांसमोर हजर असावे पण संकोचाने, बोलावे पण अडखळत, आणि नेमके तितकेच अडखळावे की साहेबांचा चहा निवण्यापूर्वी जबाब पुरा व्हावा. आमच्या जंगलातील वाघाचे याहून बरे आहे. त्याच्या अंगावरील पट्ट्यांचे एक छायाचित्र कॅमेऱ्याने टिपले की त्याची ओळख पटते, त्यास क्रमांक मिळतो, आणि त्याच्या आजोबांचे पट्टे 1950 पूर्वीही असेच होते काय, असे त्यास कोणी विचारीत नाही.

हा संकोच एके काळी तहसिलीच्या हद्दीप्रमाणे चालत असे, हे आजच्या तरुण वाचकांस खरे वाटणार नाही. त्या काळच्या अनुसूचीप्रमाणे जुन्या चांदा जिल्ह्यातील गोंड गडचिरोली आणि सिरोंचा या दोन तहसिलींत आदिवासी होता. आणि चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर शहरात, जेथे त्याच्याच राजांनी बांधलेला परकोट आजही उभा आहे, तेथे तो आदिवासी नव्हता. वैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर तो आदिम, अलग, मागास आणि संकोची असे. बैलबंडी पाण्यात घातली की नदीच्या मध्यधारेत केव्हा तरी हे चारही गुण त्यास सोडून जात आणि पैलतीरावर जो उतरे तो सर्वसाधारण नागरिक असे. बाजार करून परतताना तेच गुण पाण्यातून पुन्हा त्याच्या अंगास चिकटत. पैलतीरावरील आपल्या मेव्हण्यास तो भेटे, तेव्हा एक आदिवासी बिगर-आदिवासी मेव्हण्यास भेटत असे, आणि दोघांचा देव एक, गोत एक, कर्जही एकाच सावकाराचे. क्षेत्राचे हे बंधन उठवणारा कायदा 1976 साली झाला व 27 जुलै 1977 पासून तो अमलात आला. स्वराज्य मिळून तीस वर्षे होत आली, तेव्हा कोठे गोंडांच्या राजधानीत गोंडास गोंड म्हणवून घेण्याची मुभा मिळाली.

आता हाच अर्जदार, किंवा सोयीसाठी त्याचा बाप म्हणू, दुसऱ्या मेजासमोर उभा करू. त्याची पाच एकर धानाची बांधी आहे. धान गर्भात आला की रात्री रानडुकरांचा कळप येतो, आणि 2021 पासून गडचिरोलीच्या काही भागांत छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही येतात. बाप माळ्यावर बसून जागल करतो, डबे बडवतो, आरोळ्या देतो. डुकरांस त्या संगीताची सवय होते. म्हणून तो ठासणीच्या बंदुकीचा, जिला आमच्याकडे भरमार म्हणतात तिचा, परवाना मागतो, केवळ बार काढून जनावर हाकलण्यासाठी. कारण डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी निराळी. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील तेराव्या कलमात पिकाच्या प्रामाणिक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. कायदा करणाऱ्यांस शेतकरी ठाऊक होता, डुक्कर ठाऊक होते, आणि भरमार ही नळीतून दारू व छर्रे ठासून, गज मारून, नशीब बरे असल्यास एकदाच उडणारी वस्तू आहे, हेही ठाऊक होते.

परंतु या मेजावर संकोचाचे मूल्य उलटते. पहिल्या मेजावर ज्या गुणांवाचून दाखला अडला होता, त्याच गुणांपायी येथे परवाना अडतो. अर्जदार अलग अशा गावी राहतो? मग गाव संवेदनशील. अर्जदार जंगलाच्या आत राहतो? मग त्याच्याकडे रात्री कोण येते? अर्जदार बोलताना अडखळला? मग तो काही लपवीत आहे. अर्जदार न अडखळता बोलला? मग त्यास कोणी शिकवून पाठवले? बापाने आयुष्यभर जो संकोच जपला, मुलाच्या दाखल्यासाठी चार साक्षीदारांनिशी सिद्ध केला, त्याच संकोचाची येथे “वर्तन संशयास्पद” म्हणून रुजवात होते. आमची नम्र सूचना अशी की दोन्ही कार्यालयांनी आपल्या मिसली महिनाभर एकमेकांकडे धाडून पाहाव्यात. बंदुकीच्या चौकशीतील अहवालावरून जमातीचा दाखला बिनतक्रार मिळेल, आणि जमातीच्या चौकशीत ज्याचे अर्ज “पुरेसा आदिम नाही” म्हणून फेटाळले गेले, त्यास तोफेचा परवाना देण्यासही कोणाची ना नसावी.

माणसाच्या वंशावरून त्याच्या हातातील शस्त्र तोलण्याची ही विद्या आमच्या जिल्ह्यांनी शोधली, असा अभिमान मात्र कोणी बाळगू नये. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 पासून घटनेत आहे आणि तिकडची प्रत्येक निवडणूक त्याचे पोवाडे गात पार पडते. पण गुलामगिरी संपताच 1865 साली मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या माणसास परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई केली. 1924 साली व्हर्जिनिया राज्याने गोऱ्याची व्याख्या केली, तीत परक्या रक्ताचा लवलेश चालत नव्हता, अपवाद एवढाच की मूळ अमेरिकी रक्त एक-षोडशांशापर्यंत असल्यास तो माणूस गोराच समजावा. ते रक्ताचे अपूर्णांक करतात, आम्ही संकोचाचे करतो; गणित तेच. आमच्याकडच्या गोऱ्या सरकारने 1878 च्या शस्त्र कायद्यात बंदूक, तलवार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही शस्त्रांत मोजला होता आणि युरोपीय माणसास परवान्यातून सूट दिली होती. साहेब गेला, सूट देण्याची हौस राहिली. कर्नाटकात कोडवा वंशाच्या प्रत्येक व्यक्तीस परवान्यावाचून विवक्षित शस्त्रे बाळगण्याची जी सवलत 1861 सालापासून चालत आली, ती 2019 साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली. कोडवा लोकांच्या शौर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे आणि त्यांच्या बंदुका त्यांस लखलाभ असोत. आमचे कुतूहल एवढेच आहे की, एका प्रांतात धैर्य जन्मतः अंगी येते असे शासन अधिसूचनेने मान्य करते, दुसऱ्या प्रांतात संकोच जन्मतः अंगी असावा असे निकषाने ठरवते, आणि या दोहोंत अर्जदाराने स्वतः काय करावे याला मात्र कोठे रकाना नाही.

ज्यांना असल्या रकान्यांची गरज पडत नाही असाही एक वर्ग आहे. दर वर्षी 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांच्या मस्तकी मोरपिसांचा तुरा चढतो व त्यांच्या हाती धनुष्य दिले जाते. पाहुणे प्रत्यंचा ओढतात. बाण बहुधा छायाचित्रकाराच्या पोटावर रोखलेला असतो. या सद्गृहस्थांना तुमचे देव किती, असे कोणी विचारीत नाही. त्यांस संकोच वाटतो काय, हा प्रश्न तर त्यांच्या कट्टर शत्रूसही सुचणार नाही. त्याच हंगामात कोठे तरी दुसरा मेळावा भरलेला असतो आणि तेथे ताडपत्रीवर ओळीने मांडलेल्या भरमारींमागे गावकरी उभे असतात. त्यांनी आजोबांच्या बंदुका स्वेच्छेने आणून दिलेल्या असतात. ‘स्वेच्छेने’ हा शब्द बातमीत असतोच. त्या बंदुकांतील एखादी नक्षल्यांच्या कामी पडण्याजोगी असेल, हे आम्ही नाकारीत नाही, आणि बंदुकांनी या जंगलाचे जे करून ठेवले ते पाहिलेला कोणीही गावोगावी बंदुका वाटा असे म्हणणार नाही. पण ताडपत्रीमागील त्या माणसांच्या बांधीत आज रात्री डुकरे येतील तेव्हा त्यांनी काय करावे, हे त्या व्यासपीठावरून कोणी सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

ते काय करतात, हे आम्हांस ठाऊक आहे. ते बांधीभोवती तार ओढतात आणि तिच्यात चोरून वीज सोडतात. त्या तारेत डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे पाणी पाहण्यास गेलेला शेजारी मरतो, कधी तार ओढणारा स्वतःच मरतो. वाघ मेला तर चौकशी होते व तीत कोणतीही कसूर होत नाही. तार ओढणारा मेला तर गुन्हा त्याचाच होता, म्हणून घरचे लोक तोंड उघडीत नाहीत. आणि हा त्यांचा संकोच मात्र कोणत्याही पथकाने नोंदवून घेतलेला नाही! उडताना चार कोसांवर आवाज जाणारी, ज्याच्या हाती आहे त्याचे नाव परवान्यावर लिहिलेली, हिशेबात असलेली एक ठासणीची बंदूक ज्यांना धोक्याची वाटली, त्यांनी आपल्या शहाणपणाने हजारो बांधांवर निनावी, मुकी, रात्रभर जागी असलेली तार आणून ठेवली आहे. भरमारीचा परवाना द्यायचा नसेल तर देऊ नका. पण मग कुंपणाचा खर्च शासनाने उचलावा, नुकसानीचा मोबदला पुढच्या पेरणीपूर्वी हाती द्यावा, आणि नकाराच्या पत्रात नकाराचे खरे कारण लिहावे. ‘अर्जदार आदिवासी आहे आणि आम्हांस त्याची भीती वाटते’ एवढे एक वाक्य सही-शिक्क्यानिशी लिहून मिळाले, तर त्याच्या मुलास पडताळणीसाठी दुसरा पुरावा जोडावा लागणार नाही.