संकोची माणसांची उपासना

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला शेजारी तुमच्या दारापुढचा बर्फ न सांगता उपसून जाईल. पण आभार मानायला तुम्ही दार उघडलंत, तर 'त्यात काय एवढं' असं पुटपुटत तो निम्म्या रस्त्यावर पोचलेला असेल. मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना हा अनुभव अगदी ओळखीचा असतो. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांची ही नातवंडं-पतवंडं. थंडीनं ओठ मिटले ते मिटलेच, असं वाटतं. ही माणसं तोंड उघडतात तरी केव्हा, हे पाहायचं असेल, तर रविवारी सकाळी त्यांच्या लूथरन चर्चमध्ये जावं. तिथंही ती फारसं बोलत नाहीत. गातात.

गंमत अशी, की ज्याच्या नावानं हा पंथ चालतो त्या मार्टिन लूथरच्या स्वभावात संकोच औषधालाही नव्हता. १५१७ साली पंचाण्णव मुद्दे काढून पोपच्या माणसांना जाब विचारला, १५२१ मध्ये खुद्द बादशहासमोर शब्द मागे घ्यायला नकार दिला, आणि विरोधकांना शिव्या दिल्या त्याही छापून. त्याचे मिनेसोटातले अनुयायी मात्र पुढच्या बाकावर बसायलाही लाजतात. चर्च मागून भरत येतं. पुढच्या दोन-तीन रांगा उशिरा येणाऱ्यांसाठी शिक्षा म्हणून रिकाम्या असतात.

मराठी पाहुणा दारात पोचला, की आधी चपला कुठं काढायच्या ते शोधू लागतो. काढायच्या नाहीत. डोक्यावर पदरही घ्यायचा नाही. उलट पुरुषांनी टोपी उतरवायची. दारातला स्वयंसेवक हसून हातात एक छापील पत्रक देतो. ते जपून धरावं, कारण पुढचा तासभर तोच आपला आधार. कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं, कोणतं गीत कितव्या क्रमांकाचं, सगळं त्यात असतं. पाळकानं म्हणायचं ते साध्या अक्षरात आणि मंडळीनं म्हणायचं ते ठळक अक्षरात. काय बोलावं हा संकोची माणसाचा जन्माचा प्रश्न असा छापखान्यातच सुटतो.

सुरुवातीचा पापांगीकार पाहा. आपलं पाप उभं राहून सगळ्यांसमोर कबूल करायचं, म्हटलं की कुणाचाही घसा कोरडा पडेल. इथं सगळे मिळून एकाच परिच्छेदात कबूल करतात आणि तपशील कुणी विचारत नाही. शेजाऱ्याचं फावडं वर्षभर परत केलं नसेल, तर तेही त्यातच येतं. मग पाळक क्षमा जाहीर करतात. ही क्षमा कमवावी लागत नाही, ती देवाच्या कृपेनं फुकट मिळते, हाच लूथरचा सगळा आग्रह होता. पोपच्या माणसांशी भांडण पेटलं ते या क्षमेच्या विक्रीवरून.

त्यानंतर शास्त्रपाठ होतात: जुन्या करारातून एक, एखादं स्तोत्र, पत्रांतून एक आणि शेवटी शुभवर्तमान. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. हे पाठ तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्रातून येतात. त्यामुळे पाळकाला मनाजोगता उतारा काढून नावडत्या सभासदाला टोमणे मारण्याची सोय बरीच कमी होते. प्रवचन पंधरा-वीस मिनिटांचं. संगीतकार बाखच्या काळात जर्मनीतल्या लाइपत्सिगमध्ये हेच प्रवचन तासभर चाले आणि अख्खी उपासना तीन-चार तास. १७२३ पासून १७५० मध्ये डोळे मिटेपर्यंत बाख तिथं संगीताची जबाबदारी सांभाळत होता. त्याचे 'कँटाटा' नावाचे जे गायनप्रबंध आज आपण तिकीट काढून, खोकला दाबून ऐकतो, त्यांतले बरेचसे या रविवारच्या उपासनांसाठीच लिहिलेले होते.

खरा ऐवज मात्र गाण्यात आहे. लूथरच्या आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये होई. गायचं ते पुरोहितांनी आणि गायकवृंदानं. लूथरला लोकांच्या तोंडी लोकांच्या भाषेतलं गाणं हवं होतं. तो स्वतः ल्यूट वाजवायचा, चालीही बांधायचा. १५२४ मध्ये निघालेल्या पहिल्या लूथरन गीतपुस्तिकेत अवघी आठ गीतं होती, त्यांतली चार त्याची. दोन वर्षांनी त्यानं जर्मन उपासनेचा अख्खा आराखडाच छापला. आज बाकापुढच्या खाचेत असतं ते चांगलं जाडजूड पुस्तक. ईएलसीए या मोठ्या लूथरन संघटनेचं २००६ चं लाल पुस्तक आता रुळलं आहे, पण त्याआधीच्या १९७८ च्या हिरव्या पुस्तकाची आठवण काढून हळहळणारे अजून भेटतात.

ऑर्गनवर चाल एकदा वाजते आणि सगळे उठतात. मग जे होतं त्याला आपली तयारी नसते. बर्फ उपसून पळणारा तो शेजारी शांतपणे खालच्या पट्टीतला खर्जाचा सूर धरतो, त्याची बायको मधला, मागची आजी वरचा. सगळे सूर एकमेकांत बसतात आणि कुणाच्या चेहऱ्यावर आपण काही विशेष केल्याचा भाव नसतो. इथल्या शाळा-कॉलेजांतून ही तालीम पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजचा नावाजलेला गायकवृंद १९१२ पासूनचा. आपल्याकडे आरतीला बेसूर माणूसही हक्कानं गातो, तसंच इथंही. फरक एवढाच, की शेवटच्या कडव्याला आपण वेग वाढवतो आणि हे आवाज. आपल्या अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि भजनं दिली. पंथ वेगळा होता, पण देवाशी परक्या चालीत किती दिवस बोलायचं, ही टोचणी तीच. मला तर वाटतं, लूथरचे मुद्दे लोक एक वेळ विसरतील, पण त्यानं लोकांना गायला लावलं ते नाही.

मध्येच शांतीचं अभिवादन येतं. ते पत्रकात छापलेलं असल्यामुळे नाइलाज असतो. मिनिटभर सगळे एकमेकांचे हात हातात घेतात, तुमचाही घेतात, आणि पुन्हा जागेवर जाऊन पुढे बघू लागतात. दानाची थाळी फिरते. पाहुण्यानं ती नुसती पुढे सरकवली तरी चालतं.

प्रभुभोजनाच्या वेळी पाहुण्याचा जीव कासावीस होतो. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त खरोखर असतो, नुसती आठवण नव्हे, यावर लूथर इतका ठाम होता, की १५२९ साली मारबुर्गच्या वादात त्यानं ख्रिस्ताचे शब्द खडूनं टेबलावरच लिहून ठेवले, असं सांगतात. तेव्हा हा प्रसाद समजून सहज हात पुढे करू नये. ईएलसीएच्या बहुतेक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला कोणत्याही पंथाचा माणूस घेऊ शकतो. मिसुरी सिनड या दुसऱ्या लूथरन संघटनेच्या चर्चमध्ये आधी पाळकांशी बोलावं लागतं. बाप्तिस्मा झालेला नसेल, तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे जायचं. पाळक आशीर्वाद देतात. बसून राहिलात तरी कुणी वळून पाहत नाही. इथं संकोच उपयोगी पडतो.

आशीर्वाद होतो, ऑर्गन घुमतो, आणि खरी ओळखपाळख तळघरातल्या हॉलमध्ये, कॉफीच्या कपाशी सुरू होते. जे वर बोलले नाहीत ते इथं हवामानावर सविस्तर बोलतात. तुम्ही कुठले, हे विचारायला त्यांना अर्धा कप लागतो. पण एकदा विचारलं, की पुढच्या रविवारचं बोलावणं आलंच म्हणून समजा.

शाकाहारी वाचकांसाठी शेवटची सूचना. 'सॅलड' म्हणून पुढे येणारी थरथरती रंगीत जेली जिलेटिनची, म्हणजे प्राणिज असते. 'हॉटडिश' नावाच्या भाजलेल्या खिचडीत बहुधा खिमा असतो. जुन्या स्कँडिनेव्हियन पद्धतीच्या कॉफीत तर पूड अंड्यात कालवून उकळतात. ती आता रोज कुणी करत नाही, पण सणासमारंभाला विचारून घ्यावं. लिंबाच्या वड्यांतही अंडं असतं. चालत असेल तर त्या जरूर घ्या, आणि चालत नसेल तर सरळ सांगा. कारण न सांगता नुसतं 'नको' म्हटलंत तर वडी बशीत पडेलच, कारण नाही म्हणणाऱ्याला ही माणसं आपल्यासारखीच संकोची समजतात.