एक वर, तीन खाली

आमच्या क्लबाला अजून नाव ठेवलेलं नाही. नावं मात्र घरोघरी ठेवली जातात. सभासद पाच, बुलेट चार आणि काकाजींची एक बीएसए. जुन्या विलायती गाड्यांचे मेळावे भरतात ते मोठ्या शहरांत. तिथवर जायचं तर आमच्या गाड्या आधी गोंदियाला रेल्वेत चढवाव्या लागतील. म्हणून मेळावा बोदलकशाच्या तलावावरच भरवायचा ठरला. येणारे आम्ही, बघणारेही आम्हीच.

बुलेट विलायती कशी, असं पुण्याहून आलेल्या आमच्या जावईबापूंनी विचारलं. काकाजींनी वंशावळच काढली. विलायतेतल्या रेडिच गावचं हे घराणं. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासेत जुळणी सुरू झाली. पुढे १९७०च्या सुमारास माहेर बुडालं, सासरी दिलेली लेक तेवढी नांदत राहिली.

जावईबापूंना चालवायला माझी बुलेट दिली. जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. "गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. एक वर, तीन खाली. किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मधोमध आणा, नाहीतर किक उलटी बसते." ते मान डोलावत होते. लग्नात भटजींसमोर डोलावली होती, अगदी तशीच.

चारला निघायचं ते सव्वापाचला निघालो. तिरोड्याला वीजघराची धुराडी दिसली. धुराच्या बाबतीत आम्हीही कमी नव्हतो. बीएसए सगळ्यांत पुढे होती, कारण ती छोटा हत्तीवर दोरांनी बांधलेली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं वापरलेलं हे एम-२० मॉडेल. आणि काकाजी ड्रायव्हरच्या शेजारी हेल्मेट घालून ताठ बसलेले.

तिरोड्याच्या पुढे बकऱ्या आडव्या आल्या. जावईबापूंनी जन्माच्या सवयीनं उजवा पाय दाबला. एक वर, तीन खाली! ब्रेक लागायच्या ऐवजी तिसऱ्यातली गाडी टॉपात पडली. बकऱ्या शहाण्या, त्या बाजूला झाल्या. जावईबापू रस्ता सोडून धान कापलेल्या बांधीत उतरले आणि धसकटांवरून खडखडत थेट धुऱ्याला टेकून थांबले. शेतकरी शांतपणे बिडी विझवत म्हणाला, "का जी, फटफटीनं नांगरून रायले का?"

जावईबापूंना खरचटलंही नाही. फक्त पुढचा सगळा रस्ता ते उजवा पाय हवेत धरून बसले होते, माझ्या मागे.

मग अंधार पडला. आमच्या गाड्यांचा सहा व्होल्टचा दिवा एक्सिलेटरवर जगतो. जोरात पळवली तर उजेड, हळू केली तर देवघरातली समई. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून जोरात जायचं, आणि दिसला की तो मागे गेलेला असायचा. नागझिऱ्यात वाघ दिसला नाही की पाहुणे जिप्सीवाल्याला बोल लावतात. आमची फटफट तिथवर पोचली असणार, म्हणून त्या संध्याकाळपुरता तो बोल आम्ही घेतो.

बोदलकशाला पोचलो तेव्हा तलाव काळा, गार आणि गप्प होता. इंजिनं बंद केली, तरी कानात फटफट चालूच. पाचही गाड्या ओळीनं लावल्या. चौकीदार बॅटरी घेऊन आला, पण त्याचा प्रकाश गाड्यांवर नव्हता, गाड्यांखाली होता.

"हे तेल कोनाचं जी?"

"विलायती गाड्या आहेत," मी जरा तोऱ्यात म्हणालो.

"हे धरनबी विंग्रजाच्याच टायमाचं हाये. १९१७चं. अजून पानी धरून हाये."

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानं आतून पुठ्ठे आणले आणि एकेका बुलेटखाली सरकवले. बीएसएपाशी मात्र तो थबकला. खाली एक थेंब नाही! काकाजींनी छाती काढून आमच्याकडे पाहिलं, पाचवा पुठ्ठा परत करायला लावला, आणि कौतुकानं तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं.

टाकी कोरडी होती. सगळं तेल छोटा हत्तीत उतरलं होतं, आणि तो ड्रायव्हर शिव्या देत फळ्या पुसत होता.