बाहत्तर सालाआधीची सागोती

आबांसमोर कुठल्याही जनावराचं नाव काढा. ते डोळे मिटतात, जीभ टाळ्याला लावून एकदा 'टक्' करतात आणि गुण सांगतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं काढल्याचा हा परिणाम. रानडुकराला नव्वद. भेकराला ब्याऐंशी, 'हुशार, पण अंगात तेल नाय.' साळिंदराला सत्तर. सशाला पासष्ट, कारण हाडं बारीक आणि खाताना बोलता येत नाही. घोरपडीला पस्तीस, तेसुद्धा शेपटीच्या जोरावर.

घोरपडीचा निकाल माझ्या मनाला लागला. जिच्या कमरेला दोर बांधून मावळे कोंढाणा चढले असं गोष्टीत सांगतात, त्या यशवंतीच्या जातीला काठावर पास? मी म्हटलं, "आबा, इतिहासाचे निदान पाच गुण तरी द्या."

"इतिहास येगळो, सागोती येगळी," आबा म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

कोकणात दर दोन-तीन वाड्यांमागे असा एक आबा सापडतो. त्यानं सगळं खाल्लेलं असतं. तुम्ही मुंबईहून येऊन कौतुकानं सांगता की तिकडे आता हॉटेलात लाव्या मिळतात. तो खिन्न हसतो. त्या जपानी लाव्या, पिंजऱ्यात वाढलेल्या, त्यांना रानाचा वास तरी माहीत आहे का? लाव्या खाव्या तर भात कापल्यावरच्या. कधी खाल्ल्या, असं मात्र विचारायचं नाही. विचारलंत, तर उत्तर ओट्यावर कोण बसलंय त्यावर ठरतं. घरचीच माणसं असली तर 'गेल्या पावसात'. कुणी अनोळखी असला, त्यातून खाकी कपड्यातला असला, तर 'बाहत्तर सालाआधी'.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीच्या परवान्यांचं उरलंसुरलं दारही लावून घेतलं. हे दोन्ही सन आबांना तोंडपाठ आहेत, सनावळ्या हा त्यांचा शाळेतला हुकमी विषय. तिसराच एक सन त्यांच्या ध्यानात राहत नाही, तो त्यांच्या जन्माचा. 1964. म्हणजे वयाची आठ वर्षं पुरी व्हायच्या आत या मुलानं बारा रानडुकरं, सात भेकरं आणि मोजता येणार नाहीत इतके ससे फस्त केले होते. साळिंदर तर दुधाच्या दातांनी.

खरी गोष्ट वाडीतली म्हातारी माणसं सांगतात. शिकारी होते ते आबांचे वडील. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. हाका घालायला सगळी वाडी डब्बे बडवत डोंगरात जायची. डुक्कर पडलं की बांबूला बांधून खाली आणायचं, गवताच्या पेंढ्या पेटवून केस जाळायचे, कातडी खरवडून पांढरी करायची आणि मग सागाच्या पानांवर वाटे घालायचे. बंदुकीचा वाटा वेगळा, हाकाऱ्यांचे सारखे, कुत्र्यांचाही एक. हाक्याला ज्यांच्या घरून कुणी आलं नाही अशा म्हातारीकोतारींच्या दारातही पान जायचं. या सगळ्यात छोट्या आबांचं काम पानं आणायचं. माझा अंदाज असा, की त्यांच्या पोटात शिकार फार गेलीच नाही. डोळ्यांत गेली, नाकात गेली, आणि तिथून आजतागायत उतरलेली नाही.

आबांना कुणी हिणवलं, की ते थेट बाराव्या शतकात जातात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ, काळ साधारण 1130. त्यात राजाच्या जेवणाचं एक प्रकरणच आहे, आणि त्यात नदीकाठच्या शेतातले धष्टपुष्ट उंदीर कसे सोलायचे, तळायचे, आंबट घालून कसे शिजवायचे ते लिहून ठेवलंय. कासवसुद्धा आहे. आबा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज शाळा तपासनीस आल्यासारखा होतो. "राजा उंदीर खाय, आणि तुमका भेकराचा नाव काढल्यार वकारी येता!" सोमेश्वरानं उंदराला किती गुण दिले असते हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नाही.

आबांची खरी अडचण कायदा नाही, काकी आहे. काकी माळकरीण. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकत नाही. तिच्या स्वयंपाकघरात अंडं फुटलेलं नाही. त्यामुळे आबांचा मुदपाकखाना मागल्या दारी, फणसाखाली. तीन चिरे, एक काळाकुट्ट टोप, सोडणांचा जाळ आणि आबा स्वतः, कमरेला पंचा गुंडाळून. मटण निबर असेल तर कच्च्या पपईची फोड टाकायची; पपई नसेल तर करवंटीचा तुकडा टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. तिरफळ मात्र कुणी सुचवलं तरी घालायचं नाही, ते बांगड्याचं. इतपत आबांना येतं.

वाटण येत नाही. आणि मालवणी सागोतीत वाटण चुकलं तर मागे उरतं ते गरम पाणी. तेव्हा काकीनं यातून एक तोड काढली आहे. खोबरं, कांदा, धणे, बडीशेप, खसखस, मिरी, दगडफूल, यांत मेलेलं काय आहे? काहीच नाही. म्हणून ती आत चुलीवर खोबरं तांबूस भाजते, पाट्यावर गंधासारखं वाटते आणि वाडगा मागच्या खिडकीच्या गजांतून बाहेर देते. तोंड पलीकडे वळवून. आबा वाडगा घेतात. टोपात काय आहे हे ती विचारत नाही, ते सांगत नाहीत. थोड्या वेळानं आतून आवाज येतो, "मीठ कमी पडलां." नुसत्या वासावरून. आबा निमूट मीठ घालतात.

मी त्या टोपातलं पाच-सहा वेळा जेवलोय. कधी पाळलेला ससा, कधी टर्की, कधी त्या नावडत्या जपानी लाव्या. सगळ्याची चव एकच, काकीच्या वाटणाची. तिथे उद्या करवंटीच शिजवली तरी आबांकडून तिला ऐंशी मिळतील. हे मी त्यांना बोललो नाही. आपण जेवायला जातो तिथे इतकं खरं बोलू नये.

मध्यंतरी महाराष्ट्रात एमू पाळायची लाट आली होती, तेव्हा आबांनी कुठूनसं एमूचं एक अंडं पैदा केलं. गडद हिरवं, अर्ध्या किलोच्या वर. काकीनं लांबूनच विचारलं, "ह्यां अंडां काय तोतापुरी?" आबांनी सुताराकडून गिरमिट आणून भोक पाडलं, अर्धं बाहेर आलं, अर्धं पंच्यावर सांडलं. पुढे एमूवाले बुडाले, लाट ओसरली. कवच अजून आबांच्या कपाटावर आहे, पाहुण्यांना दाखवायला. 'शहामृगाचं,' असं सांगून.

तर गेल्या मे महिन्यात रात्री आबांचा फोन आला. कुजबुजत म्हणाले, "वस्तू आसा. उद्या दुपारी येवा. भाकऱ्यो घेवन येवा."

"कसली वस्तू?"

"फोनार नाय."

मी जरा धास्तावूनच गेलो. आता भलतंसलतं असेल तर वाढलेल्या ताटावरून कसं उठायचं याची वाक्यं जुळवत गेलो. फणसाखाली टोप रटरटत होता. आबांनी करवंटीच्या डवलीनं दोन फोडी माझ्या ताटात वाढल्या आणि समोर उकिडवे बसून राहिले. मी खाल्लं. ओळखीची चव. ओळखीचं हाड. तंगडीचं, तिच्या टोकाला ओळखीचा सांधा.

"कसां लागता?"

"कोंब्यासारखं," मी म्हणालो.

"बरोबर! कोंब्यासारख्यां, पण कोंबो न्हंय." आबांनी इकडेतिकडे पाहिलं. "रानकोंबो. बाहत्तर सालाआधीचो."

एवढा जुना कोंबडा इतका मऊ कसा शिजला, हे विचारायच्या आत ते उठले. खाली सागाची पानं पसरली आणि वाटे घालायला लागले. अकरा घरं, अकरा पानं. दोन-दोन फोडी, वर चमचाभर रस. शेजारची पोरं पानं घेऊन धावत सुटली. आता हाका नाही, बंदूक नाही. वडिलांची बंदूक कधीच पोलीस ठाण्यात जमा झाली. डोंगरातली डुकरंच रात्री खाली उतरून आबांचं सुरण उकरतात, माकडं माडावरची शहाळी पाडतात. पूर्वी ही वाडी रान खायची, आता रान वाडी खातं. पण वाटा घालताना आबांचा हात असा चालत होता, की एका पानावर फोड लहान गेली म्हणून त्यांनी ती उचलून स्वतःच्या ताटात टाकली आणि मोठी ठेवली. शेवटी टोपात त्यांच्यासाठी रस तेवढा राहिला. त्यात भाकरी कुस्करून ते तृप्त झाले. गुण विचारले तर म्हणाले, "अठ्ठ्याण्णव."

संध्याकाळी काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी निरोप घ्यायला गेलो.

"आमचो तुऱ्याचो कोंबो सकाळपासून दिसणा नाय रे," ती म्हणाली.

आबांनी पेपर वर केला. पेपराआडून आवाज आला, "रानमांजरान न्हेलो असतलो. माका रात्री चाहूल लागली होती."

"न्हेलो असतलो," काकी म्हणाली. तांदळातला एक खडा तिनं अंगणात भिरकावला. "पण मांजर मोठां गुणाचां. पिसां सगळी गोणपाटात भरून, तोंड सुतळीन बांधून, माझ्या गोवऱ्यांमागे ठेवन गेलां."

पेपर जरा वेळ हलला नाही.

"शाळेत गेलेला असात," आबा म्हणाले.