वेन घराण्याचे दिवटे चिरंजीव

ऐकलंत का मंडळी? गॉथमच्या वेनांकडे मुलगा आला! आला म्हणजे पाळण्यात नव्हे, चांगला दहा वर्षांचा घोडा, तोही तलवारबाजीत तयार होऊन. २००६ साली 'बॅटमॅन' मासिकाच्या ६५५ व्या अंकापासून 'बॅटमॅन अँड सन' ही कथा सुरू झाली आणि पोराच्या आईनं, तालियाबाईंनी, त्याला बापापुढे उभं करून सांगून टाकलं, घ्या, हा तुमचा. आता एखादं पोर पहिल्यांदा बापाला बघतंय म्हटल्यावर पाया पडेल, निदान लाजेल तरी? छे! डेमियन वेन यांनी तीर्थरूपांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला तुम्ही याहून उंच वाटला होतात, अशी नापसंती व्यक्त केली. ज्याच्या टोपाचे दोन कान दिसले की शहरातल्या गुंडांची गाळण उडते, त्या माणसाला हे ऐकावं लागलं.

बरं, घर काय साधंसुधं आहे का? कर्ता पुरुष ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, १९३९ पासून या धंद्यात. अनाथ पोरं सांभाळण्याचा त्याचा लौकिक तर सर्वतोमुखी. १९४० मध्ये सर्कशीतला डिक ग्रेसन आणला, त्याला आपला जोडीदार रॉबिन केलं. तो मोठा होऊन स्वतंत्र झाला तेव्हा जेसन टॉड आणला. त्याच्यानंतर टिम ड्रेक. कुणाचा कोण, पण प्रत्येकाला जेवू-खाऊ घातलं, मारामारी शिकवली, रंगीत कपडे शिवले आणि रात्री-बेरात्री गच्च्यांवरून उड्या मारायला नेलं. मुलांच्या संगोपनाची ही पद्धत कुठल्या बालकल्याण समितीला पटेल, असे भोचक प्रश्न आपण विचारू नयेत. मुद्दा एवढाच, की परक्यांची पोरं सांभाळताना ज्याला कधी अडचण आली नाही, त्याची सख्ख्यानं पार भंबेरी उडवली.

दोष कुणाला द्यायचा? अर्थात आजोळाला! आपली पोरं मे महिन्यात आजोळी जातात, आंबे खातात, घामोळं घेऊन परत येतात. याचे आजोबा रास अल घुल. लॅझरस कुंडात डुबकी मारून शतकानुशतकं तरुण राहणारे आणि मारेकऱ्यांची अख्खी फौज पदरी बाळगणारे. नातवाला खेळणी कसली दिली असतील, ते सांगायला नको. जन्माबद्दल तर अशी कुजबुज आहे की बाई बाई बाई! १९८७ च्या 'सन ऑफ द डेमन' या पुस्तकात बॅटमॅन आणि तालिया यांचं रीतसर लग्न झालेलं आहे. बाळ गेलं असं तिनं नवऱ्याला खोटंच सांगितलं आणि गुपचूप दुसऱ्यांच्या ओटीत घातलं. पुढं लेखक ग्रँट मॉरिसन यांनी तो धागा उचलला, पण हवा तसा वळवून. त्यांच्या कथेत मुलगा कृत्रिम गर्भाशयात वाढतो, आणि आई-आजोबा मिळून त्याला जगज्जेता व्हायचं शिक्षण देतात. बाप बिचारा दहा वर्षं बेखबर. जगातला सर्वांत हुशार गुप्तहेर म्हणे!

घरात पाऊल टाकल्यावर चिरंजीवांनी जे प्रताप केले ते ऐकून कानाला हात लावाल. स्पूक नावाच्या एका चिल्लर खलनायकाचं मुंडकं उडवलं. मग मधल्या भावाला, म्हणजे बिचाऱ्या अभ्यासू टिमला, बेसावध गाठून बदडलं आणि स्वतःच रॉबिनचा पोशाख चढवून बापाच्या मागे निघाला. घरात कुणाला नावानं हाक मारणं नाही. सगळ्यांना आडनावानं, पोलीस ठाण्यात हजेरी घेतल्यासारखं. ग्रेसन, ड्रेक, टॉड. आणि ज्या आल्फ्रेड पेनीवर्थनं बापाला लहानाचं मोठं केलं, त्या म्हाताऱ्यालाही नुसतं 'पेनीवर्थ'. वर कुणी काही सांगायला गेलं, की जीभ टाळूला लावून 'टट्' असा आवाज. चित्रांच्या पुस्तकात आवाज ऐकू येत नाही, तरी या एका 'टट्'नं वाचकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

साहजिकच वाचक खवळले. आणि हे वाचक म्हणजे काय चीज आहेत ते जाणून घ्या. १९८८ मध्ये प्रकाशक कंपनीनं फोनवर मतदान ठेवलं होतं: दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा? पन्नास सेंट मोजून लोकांनी फोन फिरवले. मरावा, ५,३४३. जगावा, ५,२७१. बहात्तर मतांनी एका पोराचा निकाल लागला! त्याचा गुन्हा काय, तर तो जरा उर्मट होता. मग डेमियनच्या वेळी फोन लावला असता तर टेलिफोन खात्याच्या तारा वितळल्या असत्या. खुद्द मॉरिसन यांचाही बेत पहिल्याच कथेच्या शेवटी पोराला संपवायचा होता. पण लिहिता लिहिता लेखकाचा जीव अडकला. कार्टं वाचलं.

आणि मग, मंडळी, खरा चमत्कारिक प्रकार सुरू झाला. २००९ मध्ये ब्रूस वेन मेला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. थोरला डिक बॅटमॅन झाला आणि त्यानं डेमियनला रॉबिन केलं. मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये सगळी उलटापालट झाली. सत्तर वर्षं बॅटमॅननं कपाळाला आठ्या घालायच्या आणि रॉबिननं खिदळायचं, अशी घरची रीत. इथं बॅटमॅन हसतोय, थट्टा करतोय, आणि शेजारी उभा रॉबिन लग्नात आहेर कमी आल्यासारखा तोंड करून. वाचक फिदा! कालपर्यंत ज्याचा गळा धरायचा होता, त्याचाच आता गालगुच्चा घ्यायचा होता.

२०१२ उजाडलं तेव्हा तर कळसच झाला. कत्तलखान्यात गुंडांशी मारामारी सुरू असताना साहेबांना एक गाय दिसली. तिच्या तोंडावर वटवाघळाच्या आकाराचा डाग. झालं! गाय घरी आली, तिचं नाव बॅट-काऊ, आणि साहेबांनी त्या क्षणापासून मांसाहार सोडल्याचं जाहीर केलं. माणसाचं मुंडकं उडवताना ज्याचा हात थरथरला नाही तो गाईसाठी शाकाहारी झाला! शिवाय टायटस नावाचा ग्रेट डेन कुत्रा, आल्फ्रेड नावाचं मांजर आणि गोलायथ नावाचा, पंख असलेला लालभडक अवाढव्य प्राणी. वेनांच्या घराचा कोंडवाडा झाला, आणि वाचकांनी त्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

लेखकानं मात्र डाव साधला. सगळ्यांचा जीव जडल्यावर, २०१३ मध्ये, 'बॅटमॅन इन्कॉर्पोरेटेड'च्या आठव्या अंकात डेमियन मारला गेला. मारलं कुणी? त्याच्या आईनंच त्याच्यापासून बनवलेल्या प्रौढ प्रतिकृतीनं. म्हणजे भाऊबंदकी तरी किती टोकाची, स्वतःशीच! अंक दुकानात यायच्या आधीच बातमी वर्तमानपत्रात फुटली आणि जेसनला फोनवर मारणाऱ्यांची पुढची पिढी दहा वर्षांच्या या मारेकऱ्यासाठी ढसाढसा रडली. 'बॅटमॅन अँड रॉबिन'चा अठरावा अंक पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लिसन यांनी जवळजवळ निःशब्द काढला. बाप रिकाम्या घरात फिरतोय, मुलाचं सामान बघतोय, आणि शब्द काय ते पोरानं मागं ठेवलेल्या एका चिठ्ठीतले.

पण त्यानंतर बापानं जे केलं त्याची चर्चा व्हायला हवी होती, ती कुणी फारशी केली नाही, म्हणून मी करते. पोराला परत आणायचं म्हणून या गंभीर, विवेकी, कायदाप्रेमी माणसानं फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाला उकलून बघण्यापर्यंत मजल मारली. जेसन मेला होता आणि परत आला होता. तर त्यालाच, तो जिथं मारला गेला त्या जागी नेऊन उभं केलं, काही आठवतंय का बघ म्हणून! मानलेल्या मुलाच्या जखमेवरची खपली सख्ख्यासाठी काढली. मग 'हेलबॅट' नावाचं, घालणाऱ्याचा जीव शोषणारं चिलखत चढवून, मित्रमंडळींचा विरोध झुगारून, थेट अपोकोलिप्स नावाच्या ग्रहावर स्वारी. २०१४ च्या डिसेंबरात पोरगा जिवंत झाला. आणि म्हणे हट्टीपणा मुलात आजोळाकडून आला!

इथं जरा थांबून यादी करू. हट्टी, हेकेखोर, एकलकोंडा. कुणाचं ऐकणार नाही. मदत मागणं म्हणजे मरण. आपण सोडून बाकी सगळे गाढव, ही खात्री. हे वर्णन कुणाचं? बापाचंच ना? बापात हे गुण असले की आपण त्याला खोल, गंभीर, व्यथित वगैरे म्हणतो आणि पोस्टर लावतो. तेच चौदा वर्षांच्या पोरात दिसले की आगाऊ. बापानं घरच्याघरी सगळ्या मित्रांविरुद्ध डाव आखून ठेवले तर ती दूरदृष्टी. मुलानं टीन टायटन्स या पोरांच्या पथकाच्या मुख्यालयाखाली गुंडांसाठी चोरून तुरुंग चालवला तर केवढा गहजब! खाण तशी माती, एवढंच हे प्रकरण आहे. फक्त बाप मनातल्या मनात बोलतो आणि मुलगा तोंडावर.

आणि मुलगा एक गोष्ट करतो जी बापाला कधी जमली नाही: चूक निस्तरायला जातो. नोबडी नावाच्या शत्रूला त्यानं ठार मारलं होतं. २०१५ च्या 'रॉबिन: सन ऑफ बॅटमॅन' या मालिकेत त्या माणसाची मुलगी, माया डुकार्ड, सूड घ्यायला येते. हा पळत नाही, सबबी सांगत नाही. आजोळच्या हुकमावरून वर्षभर जिथं जिथं लूटमार केली होती, तिथं तिथं जाऊन एकेक वस्तू परत करायला निघालेला असतो. शेवटी माया त्याची बहीण झाल्यासारखी होते. बघा, मालिकेच्या नावातसुद्धा बापाचं शेपूट आहेच. पोराची कमाई, पाटी बापाची.

पुढं २०१९ मध्ये त्याच्या हातून घडलेल्या आगळिकीची किंमत आल्फ्रेडला मोजावी लागली. गॉथममध्ये पाय ठेवू नकोस, नाहीतर म्हातारा जाईल, असं बजावलेलं असताना साहेब घुसलेच, पकडले गेले आणि बेन नावाच्या खलनायकानं त्यांच्या डोळ्यांदेखत आल्फ्रेडला मारलं. त्यानंतर 'पेनीवर्थ' या हाकेतला सगळा रुबाब उतरला, आणि वाचकांनी याही खेपेला त्याला माफ केलं. बघा म्हणजे!

आता तर लाडांना सीमाच उरली नाही. २०२१ पासून वेबटूनवर 'वेन फॅमिली ॲडव्हेंचर्स' सुरू झालं; त्यात खून कमी आणि नाश्त्याच्या टेबलावरची भांडणं जास्त. २०२३ मध्ये 'मेरी लिटल बॅटमॅन' या नाताळच्या कार्टूनपटात तर डेमियनला चक्क आठ वर्षांचा गोंडस गोळा केलाय. त्याच वर्षाच्या जानेवारीत 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' हा बाप-लेकांचा चित्रपट जाहीर झाला आणि भूमिका कोणी करायची यावरून चाहत्यांत जुंपली. त्याचा रंग किती सावळा असावा यावर वाद; आजोबा अरब असताना चित्रकार त्याला गोराच का रंगवतात, असा रास्त सवाल. उंचीवर वाद. वयावर तर महायुद्ध: कालच तेरा झाला होता, मग आज पुन्हा बारीक का दिसतोय?

या वयाच्या भानगडीतच सगळी मेख आहे. इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्यांना वेताळ आठवत असेल. तिथं हिशेब चोख होता: बाप गेला की मुलानं मुखवटा चढवायचा, कवटीची अंगठी घालायची; आपण वाचत होतो तो एकविसावा. जंगलाला वाटायचं वेताळ अमर आहे, कारण बाप वेळेवर मरत होते. वेनांकडे उलटा कारभार आहे. १९३९ चा माणूस अजून पस्तिशी-चाळिशीत घुटमळतोय, कारण त्याच्या टोपीवर, बनियनवर, मगवर आणि सिनेमावर एका अख्ख्या कंपनीची चूल पेटते. मॉरिसन यांनी ६६६ व्या अंकात डेमियनला मोठा करून बॅटमॅनच्या पोशाखात उभा केलाही, पण भविष्यातला म्हणून. वाचकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या महिन्यात निमूटपणे बापाचा अंक विकत घेतला.

तेव्हा, पोरगा आगाऊ आहे, तोंडाळ आहे, गाय पाळतो, तलवार चालवतो, सगळं मान्य. पण ज्या दुकानाची चावी बाप कधीच सोडणार नाही, त्याच दुकानाचा वारस म्हणून जन्माला घातलेल्या मुलानं दुसरं करायचं तरी काय? हा एवढा संताप आणि 'टट्' गिळून चौदाव्या वर्षातच अडकून राहायचं म्हणजे सोपं काम नाही. उद्या कंपनीनं पुन्हा फोन लावायला सांगितलाच, तर माझं मत पोराला. आणि हो, बापाला निवृत्त करायचं का, असाही एक क्रमांक ठेवा म्हणावं. पन्नास सेंट काय, रुपये लागले तरी चालतील.